अर्जातला तो रकाना

पोरी,

परवा तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. "काका, इन्स्ट्रुमेंटचं सांगते, पण कमर्शियलचं नको ना? एक ठीक दिसतं, दोन वाईट दिसतात." इतक्या सहज विचारलंस, जणू लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी घालायचं एवढाच प्रश्न होता.

तू विमान कसं उडवतेस यावर मी काही लिहिणार नाही. एअरलाइनला लागणारे 1500 उड्डाणतास पुरे होत आलेत, ते कुणी तुला दान दिलेले नाहीत. मी फक्त विमानकंपनीच्या अर्जातल्या त्या रकान्याबद्दल लिहितो आहे, 'पायलटच्या परीक्षांत कधी नापास झालात का' विचारणाऱ्या. तू इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे ढगांत नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परीक्षेत, आणि कमर्शियलच्या, म्हणजे पगार घेऊन उडवायच्या परवान्याच्या परीक्षेत, एकेकदा नापास झालीस. जसं झालं तसं लिही. दोन्ही लिही.

तुझ्या मसुद्यात एक वाक्य आहे: जोराच्या वाऱ्यामुळे आणि परीक्षक कडक असल्यामुळे कमर्शियलची चेकराइड पहिल्या प्रयत्नात झाली नाही. चेकराइड म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून उडवून दाखवायची परीक्षा. हे वाक्य खोड. इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यांत कमी ताकदीवर, आणून 180 अंशांत वळायचं आणि ठरवलेल्या जागी उतरायचं, या एका प्रकाराने आजवर किती जणांना रडवलंय याचा हिशेब नाही. नियम तुलाही पाठ आहे. ठरवलेल्या जागेच्या पुढे 200 फुटांपर्यंत मुभा, अलीकडे एक फूटही चालत नाही. तू अलीकडे टेकलीस. मग तेच लिही: "वाऱ्याचा अंदाज चुकला, अलीकडे टेकले. इन्स्ट्रक्टरबरोबर तीन दिवस तेवढंच केलं, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा परीक्षा दिली, पास झाले." 'वारा होता' आणि 'वाऱ्याचा अंदाज चुकला' यांत फरक आहे. पहिल्या वाक्यात चूक वाऱ्याची आहे. मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलो आहे, हा फरक तिथे लगेच ऐकू येतो. दोनदा नापास झालेली मुलं आम्ही घेतली आहेत. दोन्ही वेळा परीक्षकच वाईट होता म्हणणारा मात्र मला आठवतो तसा एकही घेतलेला नाही.

तुझा तो मित्र म्हणतो, जुनं सांगायचं आणि नवं गाळायचं. त्याला 12 फेब्रुवारी 2009 ची रात्र सांग. नेवार्कहून बफेलोला निघालेलं डॅश 8 क्यू 400 विमान क्लॅरेन्स सेंटर नावाच्या गावात एका घरावर पडलं. विमानातले 49 आणि घरातला एक, 50 माणसं गेली. वेग घसरत गेला, वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर हातात थरथरला, आणि नाक खाली घालायचं तिथे कॅप्टनने विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, कॉलम, मागे ओढला. चौकशीत त्याचा नोकरीचा अर्ज निघाला. अर्ज भरण्याआधी सरकारी चेकराइडमध्ये तो तीनदा नापास झाला होता. अर्जात एकच लिहिली होती, सगळ्यांत जुनी, 1991 ची इन्स्ट्रुमेंटची. पुढच्या दोन नव्हत्याच. नापास झाला म्हणून विमान पडलं, असं मी म्हणत नाही. मूर्खासारखं बोलायला मला आवडत नाही. पण कुठे कच्चं आहे हे कंपनीला ठाऊक असतं, तर निदान विचार करायची संधी मिळाली असती. ती त्याने दिली नाही. आणि बघ, त्यानेही तुझ्यासारखाच हिशेब केला असणार. एक ठीक दिसतं.

त्यानंतर 2010 चा कायदा झाला. तुझे हे 1500 तास त्यातूनच आले, आणि पायलटांच्या नोंदींचा एकत्र डेटाबेस करायचं एफएएवर, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमानवाहतूक खात्यावर, बंधन आलं. कायदा झाला म्हणजे काम झालं असं कुठे असतं! 23 फेब्रुवारी 2019 ला ह्यूस्टनजवळ ट्रिनिटी बेमध्ये मालवाहू बोइंग 767 विमान कोसळलं, तिघं गेले. त्यातल्या फर्स्ट ऑफिसरने आधीच्या दोन नोकऱ्यांचा अर्जात उल्लेखच केला नव्हता, तिथलं प्रशिक्षण जमलं नव्हतं म्हणून. डेटाबेस तोवर पुरता उभा राहिला नव्हता. त्याचा अंतिम नियम आला 2021 मध्ये.

आता तू म्हणशील, डेटाबेसमध्ये दिसणारच आहे तर लिहून टाकते. नाही, तसं नको. दिसणार आहे म्हणून खरं लिहिणारा माणूस न दिसणारं गाळतो. तुझी फ्लाइंग शाळेतली स्टेज चेक, शाळेचीच ती मधली चाचणी, आठवते? तीतही नापास झाली होतीस. ती एफएएकडे नाही, शाळेच्या फायलीत आहे. एका कंपनीचा फॉर्म फक्त सरकारी चेकराइड विचारतो, तिथे ती लिहायची गरज नाही. दुसरीने विचारलंय, प्रशिक्षणातल्या कोणत्याही तपासणीत नापास झालात का. तिथे लिहायची. आणि ढग खाली आले म्हणून अर्ध्यावर सोडलेली तुझी प्रायव्हेटची चेकराइड नापास नव्हे, तिचं डिसकंटिन्युअन्सचं, म्हणजे परीक्षा मध्येच थांबवल्याचं, पत्र तुझ्याकडे आहे. ती नापासात घालून उगाच प्रायश्चित्त घेऊ नकोस. मी कबुलीजबाब मागत नाही. प्रश्न नीट वाच, विचारलंय तेवढं, जसं झालं तसं लिही.

माझं सांगतो, म्हणजे मी एवढा का ओरडतोय ते कळेल.

1994, टेक्सास. मल्टी-इंजिनची चेकराइड, सेमिनोल नावाचं दोन इंजिनांचं छोटं विमान. परीक्षकाने डावं इंजिन बंद केलं. विमान डावीकडे वळायला लागलं, ते सरळ ठेवायला मी उजव्या पायाने रडरचं पेडल दाबलं, डावा पाय रिकामा. जो पाय रिकामा त्याच बाजूचं इंजिन मेलं, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि बंद इंजिनाची लिव्हर ओढायची तिथे माझा हात गेला उजव्या लिव्हरवर. चालत्या इंजिनाच्या. परीक्षकाने माझं मनगट धरलं, एक शब्दही बोलला नाही. ते मनगट मला आजही आठवतं.

नऊ दिवसांनी पुन्हा दिली, पास झालो. नाशिकला फोन केला तेव्हा फक्त पासचं सांगितलं. दादांनी गल्लीत पेढे वाटले. आपल्या घरांत नापास हा शब्द कसा उच्चारतात तुला माहीत आहे, आवाज खाली जातो, शेजारी ऐकतील म्हणून. तुझ्या बाबाचाही जातो. मी त्याच घरात वाढलो, म्हणून त्याला दोष देत नाही. पण या धंद्यात तो आवाज घेऊन येऊ नकोस.

1996 मध्ये पहिल्या कंपनीचा कागदी अर्ज भरला. प्रश्न होता. मी 'नाही' वर खूण केली. कुणी तपासलं नाही, नोकरी लागली. पकडला गेलो असतो तर बरं झालं असतं, असलं साधुसंतांचं बोलणं मी करणार नाही. तेव्हा आनंदच झाला. पण पुढची पाच वर्षं मी कधीही न चुकलेल्या माणसाचं सोंग घेऊन काढली. सिममध्ये, म्हणजे सराव करायच्या सिम्युलेटरमध्ये, टेकऑफला इंजिन गेलं की माझा हात एक क्षण अडखळायचा. इन्स्ट्रक्टरने एकदा सरळ विचारलं, याचा आधी कधी त्रास झालाय का? एवढंच म्हणायचं होतं, हो, झालाय, मला हे आणखी दोनदा करू द्या. सिम तिथेच होतं, वेळ होता, माणूस भला होता. मी म्हणालो, नाही. मग रात्री हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर बसून पाय दाबायचो, हात हलवायचो, एकटाच. पाठीमागे प्रवासी बसलेले असताना माझा तो कच्चा कोपरा फक्त मला ठाऊक होता. कळतंय का मी काय म्हणतोय? अर्जातलं खोटं अर्जात राहत नाही. तू एकदा 'नाही' लिहिलंस की मदत मागायची सोयच संपते.

2001 च्या उन्हाळ्यात मोठ्या कंपनीत अर्ज केला, आणि या वेळी लिहिलं. मनगटासकट सगळं. ऑगस्टमध्ये नकार आला. कारण दिलं नाही, कधीच देत नाहीत, पण मी त्या रकान्यालाच कारण धरलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेवरच्या विमानहल्ल्यांचं ते सगळं झालं आणि भरतीच थांबली. आजच्या कंपनीत लागलो 2007 ला. ज्येष्ठता यादीत सहा वर्षं मागे, म्हणून सुट्टी निवडायलाही मागे. गेल्या कित्येक गणपतींना मी कुठल्यातरी हॉटेलात होतो, ते त्यामुळे. मी स्वतःला समजावतो की 2001 मध्ये लागलो असतो तर पहिल्या झटक्यात फर्लोवर, म्हणजे काम नाही म्हणून बिनपगारी घरी, गेलो असतो. खरंच गेलोही असतो. पण हे मी जरा जास्तच वेळा सांगतो असं तुझी काकू म्हणते. म्हणू दे. मला विचारशील तर तो नकार महाग पडला आणि तरी मी तेच लिहीन. त्या वर्षीच्या सिममध्ये मी पहिल्यांदा तोंड उघडून जादा सराव मागितला होता.

तुलाही नकार येऊ शकतो. एखादी कंपनी दोन आकडा बघून फाईल बाजूला ठेवेल. ठेवू दे. मी तुला नोकरीची हमी देत नाहीये, तशी हमी हवी असेल तर त्या मित्राला विचार.

बाकी फुटकळ गोष्टी. लॉगबुकाचे तास पुन्हा जुळव, बेरीज चुकली असेल तर आत्ताच दुरुस्त कर. लॉगबुकात मुद्दाम केलेली खोटी नोंद लायसन्स घालवू शकते. पार्कर पेनाने उडवलेल्या, म्हणजे न उडवता नुसत्या लिहिलेल्या, तासांचे विनोद मीही ऐकले आहेत, मला त्यांचं हसू येत नाही. मुलाखतीत या दोन परीक्षांवर प्रश्न येईल. दीड मिनिटात सांगायचं आणि थांबायचं. तू घाबरलीस की बोलत सुटतेस.

शनिवारी रात्री मी घरी आहे. बटण दाबायच्या आधी फॉर्म मला पाठव. त्याआधी डेटाबेसमध्ये तुझी स्वतःची नोंद उघड, पायलटला ती बघता येते, आणि तारखा तिथून उतरव. आठवणीतून नको. इन्स्ट्रुमेंटची परीक्षा मार्चमध्ये होती असं तू म्हणालीस. मला वाटतं फेब्रुवारी होता. त्या संध्याकाळी तुझ्या बाबाचा फोन आला होता आणि तो वीस मिनिटं फक्त बर्फाबद्दल बोलत होता. मी काही विचारलं नाही.

तुझा काका