घराण्यात कुणालाच कॅन्सर नाही, तंबाखूही नाही, आजी फक्त मिश्री लावते. तरी तिला तोंडाचा कॅन्सर कसा?

आनुवंशिक दोषातून होणारे कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्केच असतात. बाकीचे पेशींत आयुष्यभर साठत गेलेल्या बिघाडांतून होतात. आमच्या तासगावकडं मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतच नाही, 'दात घासते' म्हणतात! पण ती भाजलेली तंबाखूच. तिच्यातली नायट्रोसामाइन्स, म्हणजे कॅन्सर घडवणारी रसायनं, हिरडीच्या पेशींतला डीएनए बिघडवतात. पेशी हा बिघाड स्वतःच दुरुस्त करते; ती दुरुस्ती चुकली आणि पी53 सारखं लगाम घालणारं जनुक बिघडलं, की पेशी बेफाम वाढते. द्राक्षबागेच्या फवारणीवर खापर फोडण्याआधी मिश्रीची डबी बघा. 2023 मध्ये मान्यता मिळालेली देशी कार-टी थेरपी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडणारा उपचार) रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही. इथं मुख्यतः शस्त्रक्रिया, लागलं तर रेडिएशन. मिश्री मात्र आजच बंद करा, उपचार चालू असतानाही फायदा होतो.