आईची केमो चालू आहे, रात्रभर जागते, समुपदेशकाकडे यायला तयार नाही. घरीच करायची थेरपी चालेल का?

चालू शकते, पण नुसती पुस्तिका हातात ठेवून नाही. या पद्धतीत रुग्ण घरी पुस्तिका किंवा ऑडिओवरून रोज थोडा सराव करतो आणि प्रशिक्षित माणूस अधूनमधून फोन करून "कुठं अडलं?" विचारतो. माझ्या मते खरी गंमत त्या फोनात आहे. एरवी पुस्तिका औषधांच्या पिशवीतच राहते.

सराव साधे असतात. "आजार उलटला तर?" असं मनात आलं की ते दाबायचं नाही. "मला आत्ता हा विचार येतोय" एवढं म्हणायचं, पाय जमिनीला टेकवायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग झेपेल असं आवडीचं काम, अगदी तुळशीला पाणी घालण्याइतकं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सचित्र पुस्तिका याच धर्तीची आणि मोफत आहे, फक्त ती कॅन्सरपुरती नाही.

आधी आईंना विचारा: गेल्या आठवड्यातला त्रास ० ते १० मध्ये किती? ४ किंवा जास्त म्हणाल्या तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगाच. झोप औषधांमुळेही उडते, केमोसोबतच्या स्टिरॉइडने तर बऱ्याचदा. आणि "जगायचंच नाही" असं बोलल्या तर पुस्तिका बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.