पाचनंतर पाणी बंद?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात सेविका आहे. आमच्याकडे ७९ वर्षांचे एक आबाजी आहेत. सारी जिंदगी वावरात गेली. आले तेव्हा शांत होते. पंधरा दिवसांपासून दिवस कलला की बरळतात, बैल आणायचे म्हणून फाटकाकडे धावतात, शिव्या देतात. परवा रात्री कपडे बदलताना त्यांनी माझ्या गालावर मारलं. मी त्यांच्यासाठी किती करते! गादी ओली होऊ नये म्हणून पाचनंतर पाणीसुद्धा देत नाही, तरी गादी ओलीच. व्यवस्थापक म्हणतात, झोपेची गोळी सुरू करू, नाहीतर मुलाकडे परत पाठवू. एवढं करून मारच खायचा तर नोकरी सोडू का?

उत्तर : माराबद्दल तू सविस्तर लिहिलंस आणि पाण्याबद्दल एकच ओळ. मला राग त्या ओळीचा आला. संध्याकाळी पाच ते सकाळचा चहा, म्हणजे बारा-तेरा तास. तेही आपल्याकडच्या उन्हाळ्यात!

म्हातारपणी तहान लागलेली नीट कळत नाही आणि मूत्रपिंडालाही पाणी राखून ठेवणं जमत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की आधी डोक्याचा गोंधळ उडतो. लघवी घट्ट, गर्द पिवळी होते, मूत्राशयाला झोंबते आणि थोडी थोडी, न थांबता सुटते. शौच कडक होते, साठलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. म्हणजे गादी कोरडी राहावी म्हणून जे केलंस, त्यानंच ती जास्त ओली होत असणार. हा नियम आजच बंद कर.

दुसरं म्हणजे, पंधरा दिवसांत पालटलेल्या माणसाला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. उद्याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ने. लघवी आणि साखर तपासून घे, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत ने, आणि बदल अचानक झाला हे डॉक्टरांना आधी सांग. लघवीच्या जंतुसंसर्गात म्हाताऱ्यांना कधी कधी ताप येतच नाही, नुसता भ्रम होतो. लघवी सारखी ठिबकत असेल आणि ओटीपोट टणक लागत असेल तर ती आत तुंबली आहे. मग उद्याचीही वाट पाहू नको. ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी देत असाल तर सकाळी चालेल का, विचार. तोवर झोपेच्या गोळीचं नावही नको. गुंगीत उठलेला माणूस अंधारात पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि भ्रम वाढतो तो वेगळाच.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभरात साधारण दीड लिटर पोटात जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ताक, आंबील, पन्हं, पातळ वरण, टरबूज सगळं त्यात धर. जास्त भाग दुपारपर्यंत दे, पण रात्रीच्या जेवणासोबत पेलाभर हवंच. ‘पाणी पाहिजे का?’ विचारशील तर नकोच म्हणतील. मुलाला फोन करून विचार, घरी कशातून प्यायचे? जन्मभर लोट्यानं प्यालेला माणूस प्लास्टिकच्या पेल्याकडे बघतही नाही. लोटा त्यांच्या हातात दे, शेजारी बसून तूही पी. मान मागे टाकून वरून ओतायची सवय असेल तर आता ठसका लागेल; ताठ बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून, लोट्याला तोंड लावूनच पिऊ दे.

लघवीला दिवसा दर दोन तासांनी, जेवणानंतर आणि झोपण्याआधी घेऊन जा. विचारू नको, ‘चला आबाजी, जाऊन येऊ’ म्हण. धुऱ्यावर उकिडवं बसणाऱ्याला झाकण लावलेला कमोड म्हणजे काय ते कळत नाही, झाकण उघडंच ठेव. पायजम्याच्या नाड्याला निरगाठ बसते, ती सुटेपर्यंत काम झालेलं असतं. लुंगी दे. वाटेतला दिवा रात्रभर चालू ठेव.

गालावरचा मार दुखतोच, पोरी. पण अर्धवट झोपेत, अंधारात, नातीच्या वयाची बाई कमरेचं कापड ओढते म्हटल्यावर कुठला मानी म्हातारा गप्प राहील? आधी दिवा लाव, समोरून ये, आबाजी म्हणून हाक मार, काय करणार ते सांग. कमरेवर चादर टाक आणि आतल्या आत त्यांना जेवढं सोडवता येईल तेवढं त्यांनाच सोडवू दे. कुणी पुरुष कामाला असेल तर हे त्याच्याकडे दे.

आणि दिवस कलताना बैल आणायचेच असतात, तीच वेळ आहे ती. ‘बैल विकले केव्हाचे’ असं तोंडावर सांगू नको. साडेचारलाच त्यांना झाडांना पाणी घालायला ने, बैलांची नावं विचार.

तीन दिवस एका कागदावर लिही : किती वाजता किती प्यायले, लघवीचा रंग, गादी ओली की कोरडी, आरडाओरडा कधी. तो कागद आणि तपासणीचा रिपोर्ट व्यवस्थापकांपुढे ठेव. तोपर्यंत मुलाला ‘घेऊन जा’ असा फोन कुणी करायचा नाही, आणि तूही राजीनामा लिहायचा नाही.