गर्भपिशवी काढून आठ आठवडे झाले की ऊसतोडीला गेलं तर चालतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय ३६. पोटावर टाके घालून २० ऑगस्टला पिशवी काढली. 'सहा ते आठ आठवडे जड काम करू नये' असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय. बीडहून टोळी निघणार ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे बरोबर आठ आठवडे भरतात. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, आधीच घेतलीय आणि तू पुण्यात शिकतोस. मग आईला जाऊ द्यावं का, असं विचारतोयस. तू माझ्या पोराच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नको.

नको जाऊ देऊस. निदान दिवाळीच्या टोळीबरोबर तरी नको.

मी तेरा हंगाम कोयता चालवलाय, सांगलीकडे आणि दोनदा कर्नाटकात. माझी पिशवी २०१३ साली काढली, तेव्हा मी ३१ वर्षांची होते. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात कळा यायच्या. डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि म्हणाला, 'सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.' आधी गोळ्यांचा कोर्स करून बघू, असं कोणी म्हणालं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण आमच्या डोक्यात वेगळाच हिशेब होता. पाळीत चार दिवस पडून राहिलं की खाडा लागतो आणि मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी नेणारा ठेकेदार, पैसे कापतो. पिशवी गेली की कटकट गेली, असं मला टोळीतल्या बायाच सांगायच्या. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच उचलले. ते फेडायचे म्हणून चाळिसाव्या दिवशी मी गाडीत चढले. खाडा टाळायला ऑपरेशन, ऑपरेशनसाठी उचल, उचल फेडायला पुन्हा उसाचा फड. अशी ती चरकातली गत.

आता डॉक्टरच्या त्या 'जड काम' शब्दाचं बघू. तो लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे पाण्याची बादली असते, दळणाचा डबा असतो, फार तर गॅसची टाकी. आईनं त्याला नीट सांगितलंय का, की ती काय उचलते? एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. मोळी ३०-३५ किलोची धरली तर दोन टनाला साठाच्या आसपास मोळ्या होतात. निम्म्या तिच्या डोक्यावर. त्याही सपाट रस्त्यानं नाही, पाचटात पाय रुतवत आणि शेवटी गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढून. कागद घेऊन परत जा आणि डॉक्टरला हेच आकडे सांग. बहुतेक डॉक्टर तारीख पुढं ढकलतील.

टाके वरून वाळतात ते दहा-पंधरा दिवसांत. त्यावरच आपण फसतो. पण कातडीखाली पोटाचा एक पांढरा चिवट पडदा असतो, तोही कापून शिवलेला असतो. त्याला ताकद यायला महिने लागतात आणि अगदी पहिल्यासारखा तो होतच नाही. शिवाय पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक आतून शिवून बंद केलेलं असतं. डोक्यावर ओझं घेऊन दम कोंडला की सगळा जोर खाली, त्याच शिवणीवर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. चार बाळंतपणं झालेल्या बाईचे ते स्नायू आधीच सैल झालेले असतात. मग खोकताना लघवी सुटते आणि काहींचं पुढं अंग बाहेर येतं. पिशवीच नाही तर काय बाहेर येणार, असं मलाही वाटायचं. पण योनीमार्गाचं टोक आणि लघवीची पिशवी खाली सरकतेच.

माझं काय झालं ते सांगते. पहिला हंगाम पट्टा बांधून कसाबसा काढला. तिसऱ्या हंगामात टाक्यांच्या जागी लिंबाएवढा फुगवटा आला. आडवं झालं की आत जायचा, मोळी उचलली की बाहेर यायचा. ते हर्निया होतं. सरकारी दवाखान्यात पुन्हा पोट उघडून जाळी बसवली. तेव्हापासून कोयता सुटला. आता दोन शेळ्या आणि शिलाई मशीन एवढाच माझा कारखाना.

तू लिहिलंयस की आई म्हणते, 'मी फक्त तोडीन आणि बांधीन, वाहणार नाही.' हेच मीही म्हटलं होतं. ते तीन दिवस टिकलं. फडात हलकं काम नसतं रे. नवराबायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, वजन दोघांच्या नावावर. गाडी रात्री दोन वाजता लागली तर रात्री दोनला भरायची. तुझे वडील एकटे मोळ्या वाहायला लागले की गाडी अडते आणि सगळी टोळी ताटकळते. मग कोणी काही बोलायच्या आत बाईच उठते. 'कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) बसून नुसता स्वयंपाक करीन' म्हणाली तरी पाणी लांबून आणायचं तिलाच, सरपण तिलाच.

म्हणून जे बोलायचं ते गाडी यायच्या आधी, गावातच बोल. मुकादमाकडं तू स्वतः जा, वडिलांबरोबर. यंदा अर्धा कोयता येईल म्हणावं. निम्मी उचल शिल्लक असेल तर लगेच परत करा. खर्च झाली असेल तर किती आणि कधी फेडायची ते दोन माणसांदेखत वहीत लिहून घ्या. मुकादम कुरकुर करील, आवाज चढवील. त्याचेही पैसे अडकलेले असतात, हेही खरं. पण फडात बाई आजारी पडली तर अर्धा हंगाम कोयता बंद आणि दवाखान्याचा खर्च वेगळा, हे त्याला कळतं. पैशाचं गणित साधं मांड. २०२४ साली टनाला ३६६ रुपये दर ठरला होता, तोच धरू. दोन टन म्हणजे दिवसाला सव्वासातशेच्या आसपास, दोघांचे मिळून. माझं दुसरं ऑपरेशन, औषधं आणि बुडालेले हंगाम यांची बेरीज केली तर मी घाईनं काढलेल्या त्या पहिल्या हंगामाची कमाई त्यात कुठल्या कुठं बुडाली.

आणि एक. आईच्या जागी धाकट्या बहिणीला न्यायची गोष्ट घरात निघेल. तुला बहीण आहे का ते लिहिलं नाहीस, पण आमच्याकडं अशी गोष्ट हमखास निघते. तिची शाळा सोडवू देऊ नकोस.

घरी असेपर्यंत आईनं नुसतं पडूनही राहू नये. रोज चालायचं, थोडं थोडं वाढवत. आत्ता कळशी अर्धी, तीही कमरेवर नाही, दोन हातात. उचलताना वाकायचं नाही, उकिडवं बसायचं आणि उठताना श्वास सोडायचा. खोकला आला तर पोटावर उशी धरायची. शौचाला जोर लागू द्यायचा नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पालेभाजी, भरपूर पाणी, गरज पडली तर डॉक्टरला विचारून औषध. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते बसल्याजागी आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हे करायचं नाही. आधी फार रक्त गेलं असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. बाईचं ते १२ च्या वर असावं. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नको.

ताप, घाण वासाचा स्राव, पुन्हा लाल रक्त, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर वाट बघू नको, त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तासही घालवू नको.

कागदांचं पण बघ. २०१९ साली सरकारच्या समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लागली. आईच्या फाइलीत ते आहे का बघ. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली असेल तर त्याचा रिपोर्ट माग. आणि बीजांडं ठेवलीत की तीही काढलीत, ते डिस्चार्ज कागदावर वाच. काढली असतील तर ३६ व्या वर्षीच तिची पाळी गेल्यासारखं शरीर वागेल. अंगातून वाफा निघतील, झोप उडेल, हाडं लवकर ठिसूळ होतील. मग कॅल्शियम आणि हार्मोनच्या गोळ्यांचं डॉक्टरशी बोलावं लागेल. माझी काढली होती, ते मला चार वर्षांनी कळलं, दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी.

एवढं करूनही घरचे ऐकले नाहीत आणि तिला जावंच लागलं, तर जानेवारीच्या आधी नको, आणि निघण्याआधी डॉक्टरकडून पोट तपासून. मोळ्या पंधरा-वीस किलोच्याच बांधायच्या, फळीवर वडिलांनीच चढायचं. फडात आडोसा नसतो म्हणून बाया पाणी पीत नाहीत, ते तिनं करू नये. लघवीला जळजळ तिथूनच सुरू होते.

बीजांडांचं काय लिहिलंय ते कागद बघून इथंच खाली कळव. मग पुढचं सांगते.