एफडी दुसरा हप्ता मागत नाही

यावल तालुक्यातल्या एका गावातून २४ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार २१ हजार. घरी आप्पा, आई आणि कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण. चार एकर केळी. महिन्याला ५ हजारांची आरडी करून वर्षभरात ६० हजार जमवले, त्यातून आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे. सोबत सुट्या भागांची यादी. प्रश्न दोन आहेत. हे भाग एकमेकांना जुळतील का? आणि सगळे ६० हजारांत बसत नसल्याने ग्राफिक्स कार्ड २८ हजारांना नो-कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांवर, घेऊ का? 'रोज रात्री स्ट्रीमिंग करीन, सहा महिन्यांत हप्ते सुटतील,' असा हिशोब.

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत. 'पैशांची बाकी चिंता नाही. केळीचे पैसे आले त्यातल्या ५० हजारांची आप्पांनी बँकेत माझ्या नावाने एफडी केली. दहा वर्षे दरवर्षी ५० हजार भरायचे, नंतर दुप्पट मिळणार. तिचे पुस्तकही ९ तारखेला पोस्टाने घरी आले.'

या दोन ओळी वाचल्या आणि यादी बाजूला ठेवली. एफडीचे पुस्तक येत नसते. एफडीची पावती असते, एका पानाची. आणि एफडी एकदा केली की दुसरा हप्ता मागत नाही. दरवर्षी पैसे मागते, जाड पुस्तक पाठवते, ती आयुर्विम्याची पॉलिसी. उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून त्याच रात्री मी तुम्हाला मेल करून पहिल्या काही पानांचे फोटो मागवले. तुम्ही ते लगेच पाठवलेत, फार बरे केलेत.

फोटोत काय आहे ते इथे लिहितो, कारण हेच पुस्तक खान्देशातल्या आणखी कितीतरी घरांत कपाटात पडून असेल. हप्ता ५० हजार. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे. म्हणजे दहा वर्षांनी भरणे थांबेल, पैसे मात्र विसाव्या वर्षी मिळतील. 'नंतर' या एका शब्दात दहा वर्षे लपली होती. विम्याचे संरक्षण ५ लाख. मग अर्जाची प्रत. तुमचा व्यवसाय 'व्यापार', वार्षिक उत्पन्न '६ लाख'. तुमचा पगार वर्षाला अडीच लाख! मोबाइल नंबरही तुमचा नाही. सही तुमचीच आहे, कारण कोऱ्या रकान्यांवर तुम्ही ती करून दिलीत. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन तुम्ही बँकेत बसलेले असतानाच आला, बँकेतल्या साहेबांनी तो तुमच्या हातात दिला आणि 'सगळ्याला हो म्हणा' म्हणून सांगितले, हेही तुम्ही लिहिले आहे. शेतकरी माल विकून पैसे घेऊन बँकेत एफडी करायला जातो आणि काउंटरवरून विमा घेऊन घरी येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता शांतपणे लिहिणे जड जाते.

आता 'दुप्पट' तपासू. तुम्ही दहा वर्षांत ५ लाख भरणार, विसाव्या वर्षी १० लाख मिळणार. ऐकायला छान. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, शेवटचा अकरा वर्षे. हिशोब केला की व्याजाचा दर पडतो वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच ५० हजार दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत दहा वर्षे भरले, नंतर खाते चालू ठेवण्यापुरती किरकोळ रक्कम टाकत राहिलात आणि ७.१ टक्क्यांचा दर टिकला, तर विसाव्या वर्षी साडेचौदा लाखांच्या पुढे जातात. दर सरकार बदलू शकते, हे धरूनही फरक चार लाखांच्या आसपास राहतो.

'पण विमाही आहे ना,' असे साहेब म्हणतील. चोवीस वर्षांच्या निर्व्यसनी माणसाला ५० लाखांचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे, एरवी काही परत नाही) वर्षाला साधारण पाच-सहा हजारांत मिळतो. तुम्ही ५० हजार भरून ५ लाखांचा घेतला आहे. उद्या तुमचे बरेवाईट झाले तर आई, आप्पा आणि बहिणीला ५ लाख किती दिवस पुरतील?

आप्पांना हे समजावणे अवघड जाणार नाही. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा त्यांना माहीत आहे. हप्ता भरायचा, ठरलेल्या निकषापलीकडे वारा सुटला किंवा तापमान गेले तर भरपाई, नाहीतर हप्ता गेला. त्या हप्त्याचे दुप्पट करून द्या म्हणून कोणी मागत नाही. माणसाचा विमाही तसाच असावा. संरक्षणाचे पैसे वेगळे, साठवणीचे वेगळे.

आणि पुढच्या वर्षीचा ५० हजारांचा हप्ता कोठून येणार? तुम्ही लिहिता, पगारातून भरीन. तुमची आरडी वर्षाला ६० हजार. त्यातले ५० हजार हप्त्याला गेले की महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये शिल्लक. म्हणजे पुढची नऊ वर्षे तुमची जवळजवळ सगळी बचत गहाण पडली. त्यात बहिणीचे लग्न येईल, तुमचे येईल, मे-जूनच्या वादळात उभा बाग आडवा होईल आणि आप्पा तुमच्याकडे बघतील. हप्ता चुकला तर सवलतीचे ३० दिवस, नंतर पॉलिसी बंद. सुरुवातीच्या वर्षांत सोडली तर भरलेल्यातले फार थोडे हाती येते.

सुदैवाने तुमचे दार अजून उघडे आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती, २०२४ च्या नियमांनी ३० केली. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांपुरता विमा संरक्षणाचा खर्च कापून बाकी सगळे परत मिळते. ५० हजारांतले थोडेसेच कापले जाईल. तुमचे पुस्तक ९ तारखेला आले, म्हणून पुढच्या महिन्याची ८ तारीख ओलांडू नका. खरे तर तिची वाटच बघू नका. अर्जात नंबर दुसऱ्याचा आहे, ईमेलही दुसऱ्याचा असेल, आणि 'ईमेलने पॉलिसी आधीच पाठवली होती' असा वाद कंपनी घालू शकते. पोस्टाचे पाकीट जपून ठेवा, त्यावरचा शिक्का हा तुमचा पुरावा.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालेल. पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख, 'फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून पैसे माझ्या खात्यात जमा करावेत' हे एक वाक्य. खाली कारण: एफडी सांगून विमा दिला, उत्पन्न आणि मोबाइल नंबर चुकीचा भरला. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. मूळ पुस्तक देण्याआधी पानन्‌पान झेरॉक्स करून घ्या. अर्ज बँकेच्या साहेबांच्या हातात देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. तोच मजकूर तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून कंपनीलाही पाठवा. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे परत द्यायचे असा नियम आहे.

साहेबांचा फोन येईल. 'आत्ता सोडली तर सगळे बुडेल, तीन वर्षे तरी भरा.' नेमके उलटे आहे. आत्ता सोडली तरच सगळे वाचते. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर, आणि तरीही दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत आले की आप्पांनी जे मागितले होते तेच करा: एक वर्षाची एफडी. बागेची अडचण आली तर मोडता येते. तुमच्या टर्म विम्याचे पाच-सहा हजार पगारातून काढा.

आता कॉम्प्युटर. माझ्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी स्वतः जुळवले आहेत, म्हणून यादी नीट पाहिली. प्रोसेसर रायझन ५ ५६००, मित्राकडचा जुना बी४५० मदरबोर्ड ४ हजारांना, रॅम १६ जीबी डीडीआर५, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). आरटीएक्स ४०६० कार्ड तीन महिन्यांनी दिवाळीत, ईएमआयवर. ही यादी जुळत नाही. ५६०० हा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), आणि एएम४ च्या बोर्डांना फक्त डीडीआर४ ही आधीच्या पिढीची रॅम चालते. डीडीआर५ ची पट्टी त्या खाचेत बसणारच नाही, खाचेची जागाच वेगळी असते. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, म्हणजे दिवाळीपर्यंत पंखा फिरेल आणि पडदा काळा राहील. जुन्या बी४५० चा बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, अपडेट केलेला नसेल तर तो हा प्रोसेसर ओळखणारही नाही. यादीत यूपीएस नाही, कीबोर्ड-माउस नाही.

ईएमआयचे म्हणाल, तर तेच कार्ड रोखीने २५,५०० ला आहे असे तुम्हीच लिहिले आहे. वरचे अडीच हजार हेच व्याज. सहा महिन्यांत फेडताना दरमहा मुद्दल कमी होत जाते हे धरले तर ते वर्षाला ३३ टक्क्यांच्या घरात पडते. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे.

स्ट्रीमिंगवर हप्ते सोडू नका. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबला १ हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४ हजार तास पाहिले जाणे लागते. रोज रात्री दोन तास, सरासरी दहा जण बघत आहेत असे धरले तर दिवसाला २० तास. म्हणजे २०० रात्री, त्याही कारखान्याची पाळी करून एसटीने घरी आल्यावर. तेवढ्याने फक्त दार उघडते, पैसे नंतर. आवड म्हणून जरूर करा, पण उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहा. आणि जीटीए ६ साठी आत्तापासून मोठे कार्ड, असे जे लिहिले आहे त्याबद्दल: कंपनीने तो गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर केला आहे, पीसीसाठी नाही.

मी असे करीन. प्रोसेसर ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स अंगचेच आहे. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ कमी सेटिंगवर पहिल्या दिवसापासून चालतील. साधारण ११ हजार. नवा बी५५० मायक्रो एटीएक्स बोर्ड ८, डीडीआर४ रॅम ८ अधिक ८ जीबी अशा दोन पट्ट्या ९. एकच १६ ची पट्टी नको, अंगच्या ग्राफिक्सला दोन पट्ट्यांचा वेग फार लागतो. साठवणुकीला एनव्हीएमई एसएसडी ५, कॅबिनेट ३, कीबोर्ड-माउस दीड. एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ५५० वॅट ब्रॉन्झ, ४ हजार. फुकटचा नको, तो जळताना एकटा जळत नाही. यूपीएस १००० व्हीए, ५ हजार. कार्ड बसवल्यावर मशीन खेळताना अडीचशे-तीनशे वॅट ओढेल आणि ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो, त्यावर टीव्हीही लावलात तर काठावर येतो. तुमच्याकडे व्होल्टेज कसे वरखाली होते हे मी सांगायला नको. भिंतीतले अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

एकूण साडेशेचाळीस हजार. पडदा म्हणून घरचा टीव्ही एचडीएमआयने जोडा, मॉनिटर पुढे बघू. साडेतेरा हजार उरतात. हप्त्याचे ओझे नसल्याने आरडीचे ५ हजार महिन्याला तुमचेच, तीन महिन्यांत पंधरा. दिवाळीला साडेअठ्ठावीस हजार रोख हातात, कार्ड २५,५०० चे. ५६००जी वर कार्डाचा वेग किंचित कमी पडेल, तुमच्या खेळांना जाणवणार नाही. खोली पत्र्याची आहे म्हणता, तर कॅबिनेट पुढून जाळीचेच घ्या. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत बंद काचेच्या डब्याची भट्टी होते.

रॅम आणि एसएसडीचे आकडे सर्वांत कच्चे समजा. २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे त्यांचे भाव चढले आहेत, त्यामुळे वर्षापूर्वीच्या व्हिडिओतल्या किमती धरू नका. गोलाणी मार्केटमध्ये तीन दुकानांत त्याच दिवशीचा भाव लिहून घ्या. बिल जीएसटीचे घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून मागा, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. मात्र दुकानाच्या पायऱ्या चढण्याआधी विमा कंपनीची शाखा गाठा. शिक्का मारलेली प्रत खिशात आली की मग खरेदी.