आधी पाणी विचार, मग ग्रेड

पोरी,

तुझ्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवर डाग पडल्याचे फोटो मिळाले. टेस्ट सर्टिफिकेट, चुंबक लावल्याचा व्हिडिओ आणि शेवटी तुझा प्रश्न, "काका, माल ३०४ नाहीच ना? फसवलं ना मला?" नाही फसवलं. ३०४ ही स्टेनलेसची नेहमीची ग्रेड, आणि सर्टिफिकेटात क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर, निकेल ८, सगळं जागच्या जागी आहे. मालवणात समुद्रासमोरच्या बाल्कनीला तू तो लावलास, त्याला तो बिचारा काय करणार? पुरवठादाराला फोन लावायच्या आधी मला सांग, ऑर्डरीत तिथल्या हवेबद्दल एक तरी ओळ होती का?

रागावू नकोस. हुशार पोरांचंच असं होतं. ग्रेडचा तक्ता तोंडपाठ, आणि माल कुठे बसणार ते विचारायचं राहून जातं. मला एकच गोष्ट सांगता येते आणि ती मी सांगतच राहणार : आधी पाणी विचार, मग ग्रेड. पाणी म्हणजे त्या स्टीलला जे जे लागणार ते सगळं. खारं वारं, बोअरचं पाणी, ताक, फरशी धुवायचं ॲसिड.

क्रोमियम साडेदहा टक्क्यांपुढे गेलं की वर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि ओरखडा गेला तरी हवेवर पुन्हा धरतो, हे तू शिकली आहेस. पण मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा सरसकट खात नाही. एखादी जागा पकडतं आणि तिथेच खोल जातं. आत ऑक्सिजन पोचत नाही, आम्ल साचतं, आणि मग तो खड्डा आपला आपणच वाढत राहतो. गॅस्केटखाली, बोल्टच्या डोक्याखाली, जिथे मीठ बसलं की हलत नाही तिथे. आपल्या आज्या मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या ते उगाच नाही. आता तुझाच तिसरा फोटो बघ. पावसाचा मारा लागतो तो पाइप चकचकीत आहे, आणि चहासारखे तपकिरी डाग आहेत ते छपराखालच्या बाजूला. मीठ दोन्हीकडे सारखंच आलं. एकीकडे धुऊन गेलं, एकीकडे राहिलं.

आता तू म्हणशील, मग सगळीकडे ३१६च लावते. हा आळस झाला! ३१६मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने खड्डे पडायला वेळ लागतो, हे खरं. क्रोमियममध्ये ३.३ पट मॉलिब्डेनम आणि १६ पट नायट्रोजन मिळवून जो पीआरईएन आकडा काढतात, म्हणजे स्टील अशा खड्ड्यांना किती दाद देत नाही त्याचा आकडा, तो ३०४चा १९च्या आसपास, ३१६चा २४, त्याहून वरच्या डुप्लेक्स २२०५ ग्रेडचा ३५. पण हा आकडा स्टीलबद्दल सांगतो, जागेबद्दल नाही. मेक्सिकोत प्रोग्रेसोचा धक्का १९३७ ते १९४१ या काळात बांधला, त्याच्या काँक्रीटमध्ये सळ्या ३०४च्या. थेट समुद्रात उभा आहे आणि अजून टिकून आहे, कारण सळीभोवती अल्कधर्मी काँक्रीट आहे. उलट स्वित्झर्लंडमध्ये उस्टरच्या बंदिस्त जलतरण तलावाचं काँक्रीटचं छत स्टेनलेसच्या गजांवर टांगलेलं होतं. १९८५ साली ते खाली आलं, बारा माणसं गेली. ते गज ३०४च्याच जातीचे, पाण्याला कधी न लागलेले. पण तलावातलं क्लोरीन हवेतून वर जाऊन त्यांच्यावर साचत होतं, धुणारं कोणी नव्हतं, आणि गज कायम ताणाखाली. चिरा आतल्या आत गेल्या. ग्रेड एकच. आता सांग, विचारायचं आधी काय?

चुंबकाचा व्हिडिओ मला पुन्हा पाठवू नकोस. चुंबक चिकटलं म्हणजे माल खोटा, असं नसतं. २०० सिरीजचा कमी निकेलचा माल चुंबकाला चिकटत नाही आणि तरी ३०४च्या आधी गंजतो. उलट अस्सल ३०४ वाकवला की कोपऱ्यावर थोडा चिकटतो. चुंबकाची परीक्षा भंगारवाल्याला ठीक आहे.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील, की हा माणूस हेकट, पाण्याचा रिपोर्ट आल्याशिवाय रेट देत नाही. खरं आहे. एकदा सोलरच्या गरम पाण्याच्या टाक्यांची मोठी ऑर्डर होती, पाणी बोअरचं. मी रिपोर्ट मागितला. पार्टी म्हणाली, हे पाणी आम्ही पितो! पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोय नसेल तर १०००पर्यंत. ३०४साठी साध्या तापमानाला २०० हीच सावधपणाची हद्द धरतात, आणि पाणी तापलं की तीही खाली येते. माणसाच्या पोटाला चालतं ते वेल्डला चालतंच असं नाही. मी अडून बसलो. ऑर्डर गेली, भागीदारही सोडून गेला. त्याच्यासारखा टिग वेल्डिंगचा हात मी पुन्हा पाहिला नाही, आणि आमचं बोलणंही पुन्हा झालं नाही. ती चुटपुट आहे. पुढे त्या टाक्या वेल्डच्या कडेने गळायला लागल्या असं कोणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं. मला आनंद झाला नाही. बरं, थोडा झाला. पण आजही तीच ऑर्डर आली तर मी रिपोर्टच मागेन. धंदा कसा करायचा ते मला कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गळकी टाकी छतावरून उतरवून बघावी.

असो. तुझं काम बघू. रेलिंग बसल्यावर गवंड्याने फरशी ॲसिडने धुतली का, हे आधी विचार. ते हायड्रोक्लोरिक असतं आणि नुसत्या वाफेनेसुद्धा स्टील डागाळतं. माझा पहिला संशय तिथेच आहे. दुसरं, वर्कशॉपमध्ये लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चक्ती याच पाइपांवर चालवली का? तसं असेल तर लोखंडाचे कण रुतून बसलेत आणि गंजतंय ते लोखंड. डाग काढल्यावर पाइप बारीक पॉलिश करून घे, खरबरीत राहिला तर मीठ धरेल. आणि मालकाला लिहून दे की महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायचं, छपराखालचा भाग आधी. एवढं करूनही डाग परत आले, तर ३१६चा रेट काढू.

वेल्डवर पिकलिंग पेस्ट, म्हणजे वेल्डचे डाग खाऊन काढणारी ॲसिडची पेस्ट, लावणार असशील तर पोरांच्या हातात साधे रबरी मोजे देऊन भागणार नाही. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, लागल्या लागल्या आग होईलच असं नाही, पण हाडापर्यंत जातं. ते अंगाला लागलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणून ठेव, मगच डबा उघड.

तुझा काका