'बॉर्न अगेन' की 'बॉर्न फ्रॉम अबव्ह'?

प्रश्न: योहानाच्या शुभवर्तमानात (३:३) येशू निकदेम ह्या यहूदी पुढाऱ्याला सांगतो की तसा जन्म घेतल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. तो जन्म काही इंग्रजी बायबलांत 'बॉर्न अगेन' असा आहे आणि काहींत 'बॉर्न फ्रॉम अबव्ह'. 'पुन्हा' आणि 'वरून' यांत इतकं अंतर असताना दोन्ही बरोबर कसे?

उत्तर: दोन्हींमागे एकच ग्रीक शब्द आहे, 'अनोथेन'. त्याची घडण मराठी माणसाला चटकन समजेल. 'अनो' म्हणजे वर, आणि 'थेन' हा प्रत्यय आपल्या पंचमीच्या 'ऊन'चं काम करतो. वर + ऊन = वरून, तसं अनो + थेन = अनोथेन. मूळ अर्थ एवढाच.

मग 'पुन्हा' कुठून आलं? कविता म्हणताना मूल मध्येच अडखळलं की आपण म्हणतो, "थांब, वरून म्हण." म्हणजे पहिल्या ओळीपासून, म्हणजेच पुन्हा. अनोथेन ह्याच वाटेने गेला: वरून, मग सुरुवातीपासून, मग नव्याने. फरक इतकाच की मराठीत हा अर्थ अशा संदर्भापुरता राहिला, ग्रीकमध्ये तो शब्दाला कायमचा चिकटला.

नव्या करारात हा शब्द १३ वेळा येतो, आणि ती सगळी ठिकाणं शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, तिथे अनोथेन (मत्तय २७:५१, मार्क १५:३८). येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून सलग विणलेला होता, तिथेही तोच (योहान १९:२३). लूक १:३ आणि प्रेषितांची कृत्ये २६:५ इथे अर्थ 'सुरुवातीपासून'. याकोबाच्या पत्रात तीनदा आणि योहान ३:३१ व १९:११ इथे 'वरून', म्हणजे स्वर्गातून, देवाकडून. 'पुन्हा' हा अर्थ निःसंशय दिसतो तो गलतीकरांस ४:९ मध्ये, आणि तिथे पत्र लिहिणाऱ्या पौलाने जोडीला 'पालिन' हा 'पुन्हा'साठीचा नेहमीचा शब्द घातला आहे. उरतात ती दोन ठिकाणं, योहान ३:३ आणि ३:७. वाद त्यांचाच.

आता निकदेमाचं उत्तर बघा. म्हातारा माणूस आईच्या पोटात 'दुसऱ्यांदा' शिरेल कसा, असं तो विचारतो. इथे ग्रीक शब्द 'देउतेरोन' आहे, त्याचा अर्थ दुसऱ्यांदा आणि फक्त दुसऱ्यांदा. म्हणजे येशूने दोन अर्थांचा शब्द वापरला, निकदेमाने त्यातला एक उचलला आणि तो अडकला. योहान असे प्रसंग मुद्दाम रचतो. पुढच्याच अध्यायातली शोमरोनी स्त्री येशूच्या तोंडचं 'जिवंत पाणी' म्हणजे विहिरीचं वाहतं पाणी समजते, तीही हीच तऱ्हा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नुसतं 'बॉर्न अगेन' लिहिलं की निकदेमाचा गैरसमज येशूच्या तोंडी जातो आणि त्याचा गोंधळ गोंधळच उरत नाही. 'फ्रॉम अबव्ह' लिहिलं तर उलटी पंचाईत होते. 'वरून जन्म' ऐकून कुणी 'दुसऱ्यांदा कसं?' असं का विचारेल? इंग्रजीत दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द नाही, त्यामुळे एक मजकुरात आणि दुसरा तळटीपेत, हाच प्रामाणिक उपाय. १६११च्या किंग जेम्स ह्या इंग्रजी बायबलनेही मजकुरात 'अगेन' ठेवून समासात 'फ्रॉम अबव्ह' नोंदवलं होतं. छापताना समास गळाला की अर्धा अर्थ गेला.

'अगेन'ची बाजू कच्ची आहे असं मात्र नाही. व्हल्गेट ह्या जुन्या लॅटिन अनुवादाने 'देनुओ', म्हणजे नव्याने, असं घेतलं आणि पश्चिमेच्या कानात तेच बसलं. इंग्रजी अनुवादक टिंडलने १५२६मध्ये 'अन्यू', म्हणजे नव्याने, लिहिलं. शिवाय पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:३, १:२३) 'अनागेन्नाओ' हे वेगळं क्रियापद आहे, त्यात पुन्हा जन्माचा अर्थ निर्विवाद आहे. म्हणजे 'बॉर्न अगेन' ही कल्पना ह्या एका ओळीवर उभी नाही. क्रिसोस्तोम ह्या धर्मोपदेशकाने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवचनात दोन्ही अर्थ नोंदवले आहेत: काही जण 'स्वर्गातून' म्हणतात, काही 'आरंभापासून'. त्याची मातृभाषा ग्रीक होती, हे लक्षात घ्या. १९८९च्या न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने मात्र 'फ्रॉम अबव्ह' थेट मजकुरात आणलं.

मराठी बायबलात 'नव्याने जन्मल्यावाचून' असं आहे, आणि ते योग्य आहे. 'पुनर्जन्म' इथे अजिबात चालला नसता. तो मरणानंतरचा, आणि येशू बोलतो तो जिवंतपणीचा. 'वरून जन्म' हे तर आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

ह्याच संवादात आणखी दोन जागा निसटतात. सातव्या ओवीत 'मी तुला सांगितलं' हे एकवचन, पण 'तुम्हांला जन्मलं पाहिजे' हे अनेकवचन आहे. बोलणं एकट्या निकदेमाशी, अट सगळ्यांना. जुन्या इंग्रजीतल्या 'दी' (तुला) आणि 'यी' (तुम्ही) मुळे हे दिसायचं, आजच्या 'यू'त दिसत नाही. मराठीत वचन दिसतं, पण 'तुम्हांला' हे आदरार्थी वाटण्याचा धोका आहे. त्या काळच्या ग्रीकमध्ये एकट्या माणसाला असं आदरार्थी अनेकवचन लावत नसत.

आठवी ओवी तर अनुवादकाची परीक्षाच. 'प्न्यूमा' म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. किंग जेम्समध्ये 'विंड' वाहतो आणि त्याचा आवाज ऐकू येतो. लॅटिनवरून केलेल्या कॅथलिक दुए-रीम्समध्ये तिथेच 'स्पिरिट' श्वास घेतो आणि त्याची वाणी ऐकू येते. 'फोने' ह्या शब्दाला आवाज आणि वाणी, दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे प्न्यूमाचा जो अर्थ धराल त्याप्रमाणे पुढचा शब्दही बदलतो.